धाकट्या बहिणीला मिशनच्या जहाजावर आफ्रिकेत सेवेला पाठवावे का?

तुमची धाकटी बहीण नर्सिंग करून मिशनच्या रुग्णालयात नोकरीला आहे आणि तिला ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती संस्थेच्या रुग्णालय-जहाजावर काही महिने विनावेतन सेवा करायची आहे. तर खर्च किती येतो, मुलीच्या जातीला ते सुरक्षित आहे का आणि गरीब आपल्याच देशात कमी आहेत का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. पहिल्या दोहोंचे उत्तर थोडक्यात देते. तिसरा प्रश्न मला माझ्या मामांनी भरल्या पंगतीत विचारला होता आणि वडीलधाऱ्यांसमोर बोलणे बरे दिसले नसते म्हणून तेव्हा मी गप्प राहिले होते. त्यामुळे त्याचे उत्तर मोठे होईल.

जहाजावरच्या डॉक्टरांपासून स्वयंपाक्यांपर्यंत सर्व स्वयंसेवक विनामूल्य काम करतात आणि वर राहण्या-जेवणाचे मासिक शुल्कही स्वतःच भरतात. विमानाचे तिकीट, विमा आणि लसी वेगळ्या. मी परिचारिका म्हणून त्या जहाजावर गेले, त्या वेळी पाळकसाहेबांनी उपासनेनंतर मंडळीपुढे विषय मांडला आणि महिला संघाने नाताळचा फराळ विकून माझ्या तिकिटाचे पैसे उभे केले. सुरक्षिततेचे म्हणाल, तर जहाजाच्या शिडीशी दिवसरात्र पहारा असतो आणि रात्री एकटीने बाहेर पडायचे नसते. ज्या मुलीने आपल्याकडच्या मोठ्या वॉर्डात नाईट ड्युटी केली आहे, तिची या बाबतीत काळजी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी गेले ते मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरील तोआमासिना बंदरात. ‘आफ्रिका मर्सी’ हे जहाज 2014 साली खरे म्हणजे बेनिनला जायचे होते, परंतु पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरल्यामुळे ते मादागास्करकडे वळवण्यात आले. हे जहाज म्हणजे 1980 साली बांधलेली डेन्मार्कची जुनी रेल्वे-फेरी. ज्या मजल्यावर पूर्वी रेल्वेचे डबे उभे राहत, तिथे वॉर्ड आणि पाच ऑपरेशन थिएटर होती. चेहऱ्यावरच्या मोठ्या गाठी, दुभंगलेले ओठ, भाजल्यामुळे आखडलेले हात आणि वाकडे पाय यांच्या शस्त्रक्रिया तिथे विनामूल्य होत, आणि त्याचबरोबर फिस्ट्युलाच्याही. बाळंतपण दोन-तीन दिवस अडून राहिले आणि सिझेरियनची सोय नसली, की मूल बहुतेकदा दगावते आणि आईच्या मूत्राशयाला छिद्र पडू शकते; त्यालाच फिस्ट्युला म्हणतात. मग लघवी रात्रंदिवस गळत राहते, कपड्यांचा वास जात नाही, नवरा सोडून देतो आणि सणासमारंभाला कोणी बोलावत नाही.

माझ्याकडे अशी एक मुलगी होती. ती जेमतेम विशीची असेल. आली तेव्हा ती पलंगावर कधी नीट बसली नाही. कडेला, घडी घातलेल्या फडक्यावर, बाकीच्या बायकांकडे पाठ करून बसायची. जहाजावर रुग्णाच्या सोबतीचे माणूस त्याच पलंगाखाली पातळ गादीवर झोपते, तशी तिची आई झोपत असे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ठेवावे लागते आणि तेवढ्या काळात ते एकदाही तुंबू द्यायचे नसते, कारण मूत्राशय भरून ताण आला तर आतले टाके तुटतात आणि सर्व मेहनत वाया जाते. म्हणून दर तासाला बॅटरी घेऊन जायचे, नळी मांडीखाली दुमडली नाही ना ते पाहायचे, पिशवीतले माप लिहायचे आणि झोपेतून उठवून पाणी पाजायचे. एका मध्यरात्री माप वाढलेले दिसले नाही. नळी सरळ होती, पण पोटाचा खालचा भाग हाताला घट्ट लागत होता. डॉक्टरांना निरोप पाठवून, त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी सिरिंजने थोडे थोडे सलाइन आत सोडून हलकेच ओढून घेतले; तिसऱ्या खेपेला रक्ताची लहानशी गुठळी आली आणि नळीत धार लागली. त्या वेळी पलंगाखालून एक हात वर आला आणि चादर चाचपून पाहू लागला. चादर कोरडी होती. आईने काहीतरी विचारले, ते दुभाष्या ताईने मला सांगण्याची गरज पडली नाही.

कॅथेटर काढल्यानंतरही ती कोरडी राहिली. अशा बायकांना घरी पाठवण्यापूर्वी नवा पोशाख देतात, वॉर्डात गाणी म्हणतात आणि ज्यांना बोलायचे असेल त्या सर्वांसमोर आपली हकीकत सांगतात. तिने ती उभी राहून सांगितली. शेजारच्या पलंगावरच्या बाईची शस्त्रक्रिया मात्र यशस्वी झाली नाही आणि तिच्या वाट्याला तो पोशाख आला नाही, हेही इथे लिहिणे माझे कर्तव्य आहे.

आता मामांचा प्रश्न. गरीब आपल्याकडे कमी नाहीत, हे मान्यच आहे. परंतु ज्या हाताने मी ती गुठळी काढली, तो हात मिरजेला मिशनच्या रुग्णालयात तयार झाला, आणि ते रुग्णालय कॅनडातल्या ऑन्टारियोत जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली उभे केले. त्या काळी ऑन्टारियोत आजारी माणसे नव्हती काय? वॉनलेस यांनाही घरच्यांनी हाच प्रश्न घालून थांबवले असते, तर ज्या रुग्णालयात आमचे मामा जन्मले ते मिरजेत नसते. आपण शतकभर घेत आलो, आता थोडे दिले तर बिघडले कुठे? शिवाय माझा अनुभव असा आहे, की ‘इथेच सेवा करा’ असे सांगणारे बहुतेक जण इथेही करत नाहीत. परतल्यावर मी नंदुरबार जिल्ह्यात नोकरी धरली, तेव्हा तिथे यायला नातलगांपैकी कोणीही तयार नव्हते.

धर्मांतराचा आक्षेपही घरात निघेल. जहाजावर उपचार देताना रुग्णाचा धर्म पाहिला जात नाही. सकाळी वॉर्डात प्रार्थना होत असे आणि तीत भाग घेणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर होते. मी माझ्या प्रभूच्या प्रेमापोटीच गेले होते आणि ते लपवण्याचे मला कारण नाही; मात्र औषधाच्या बदल्यात कोणाचा विश्वास मागणारा मनुष्य सेवेला जाण्यास लायक नाही.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. वरचे सर्व काही हाती कसब असलेल्यांसाठी आहे. पंधरा दिवसांसाठी जाऊन शाळेच्या भिंती रंगवणारे तरुणांचे गट मी तिथे पाहिले. ते काम गावातल्या रंगाऱ्याला दिले असते तर त्याचे घर चालले असते. परिचारिकांकडून नोंदणीनंतर साधारण दोन वर्षांच्या अनुभवाची अपेक्षा असते. तुमच्या बहिणीची तेवढी नोकरी झाली नसेल, तर तिला सध्या शस्त्रक्रिया किंवा स्त्रीरोग विभागात बदली मागून घ्यायला सांगा, आणि इंग्रजीतून ड्युटीचा अहवाल द्यायचा सराव करू द्या, कारण जहाजावरचे सर्व काम त्याच भाषेत चालते. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवावे. पीतज्वराच्या देशातून ते नसताना परत आल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते.