हँडलवर लायमन लिहिलंय म्हणून साचा लायमनचाच का?

ओहायोत गॅरेज सेलमध्ये १२ गेजच्या शॉटगनच्या स्लगचा (शिशाच्या एकाच जाड गोळीचा) साचा मिळाला, हँडलवर लायमन या साचे बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे पण ब्लॉकवर, म्हणजे ज्यात शिसं ओततात त्या ठोकळ्यावर, नंबर नाही, तर हा कोणता, असं विचारलंय तुम्ही. इथे २०१४ आधी हरणाला काडतुसाची रायफल चालायचीच नाही, लोक शॉटगनमधून स्लग मारायचे, त्यामुळे जुन्या गॅरेजात असले साचे सापडतातच. हँडलवरचं नाव आधी विसरा. हँडल स्क्रूवर असतं, निघतं, लायमनच्या हँडलला आरसीबीएस या दुसऱ्या कंपनीचा ब्लॉकपण बसतो.

माझ्या साडूशी यावरूनच वाजलंय. त्याच्याकडे डिट्टो असाच साचा. त्याचं म्हणणं, लायमन म्हणजे ५२५ ग्रेन (वजनाचं माप) वजनाचा ‘सेबो’ प्रकारचा स्लग, मग त्याचाच लोड डेटा, म्हणजे कुठल्या स्लगला किती दारू याचा तक्ता, घ्यायचा आणि काडतुसं भरायची. म्हटलं अरे उघडून आत बघ तरी, तर हा मला नेटवरचे फोटो दाखवतोय. शेवटी त्याच्याच गॅरेजमध्ये मऊ शिसं वितळवून ओतला. आता तो ५२५ वाला कमरेत बारीक असतो, डमरूसारखा, आणि वॉडच्या, म्हणजे काडतुसात दारूवर बसवतात त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या, कपात बसतो. हा निघाला सरळ भिंतीचा, नाक गोल, बूड खोल पोकळ, म्हणजे चक्क ‘फॉस्टर’ प्रकारचा स्लग. व्हर्नियर लावून व्यास मोजला तर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) ०.७२९ इंचाच्या जवळपास, वॉडच्या कपात जायचा प्रश्नच नाही. तरी साडू म्हणतो, ‘लायमनने फॉस्टरचेही साचे काढलेत, म्हणजे मी बरोबरच.’ असेल ना लायमनचा! पण तू डेटा कुठला वापरणार होतास?

म्हणून आधी आकार, मग व्यास, वजन सगळ्यात शेवटी, कारण शिशात भेसळ असली की वजन हलतं. १ औंस म्हणजे ४३७.५ ग्रेन. थंड साच्यातले पहिले स्लग सुरकुतलेले निघतात, ते मोजूच नका. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि स्लगच्या बुडाच्या पोकळीत आडवी पट्टी आली तर तो ली कंपनीचा, ७/८ किंवा १ औंसचा, विषय संपला. बुडाची पोकळी पाडणारी पिन हरवलेली असेल तर अर्धाच साचा घेतलाय तुम्ही. कंपनीचं नाव विकताना कामाला येतं, भरताना नाही.

बाकी वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते अंगावर उडतं, आणि दार उघडं ठेवा, धूर वाईट. आणि हो, भारतात कोणी वाचत असेल तर या भानगडीत पडू नका, आर्म्स ॲक्टखाली दारूगोळा बनवायलाही लायसन्स लागतं.