संघर्ष सिद्धांत समजायला मार्क्स पुरेसा आहे का?

आपण विचारले आहे की संघर्ष सिद्धांताचे (समाजाची घडण गटागटांतील हितसंबंधांच्या संघर्षातून समजावून सांगणाऱ्या सिद्धांताचे) प्रमुख विचारवंत कोणते, आणि मार्क्स नीट वाचलेला असेल तर वेबर, डाहरेनडॉर्फ, कोझर ही मंडळी नुसती पाठ करून भागेल का. परीक्षेत भागेल, विषय समजायला मात्र भागणार नाही. खरे तर आपल्या प्रश्नाचा हा दुसरा भाग वाचूनच मी लिहायला बसलो, कारण 'मार्क्स आला की सगळे आले' हे वाक्य मी तरुणपणी फार ऐकले आहे आणि ते मला तेव्हाही पटले नव्हते.

आमचा मार्क्सवादी अभ्यासवर्ग रविवारी मुंबईच्या गिरणगावात, डिलाईल रोडवरच्या एका चाळीतील खोलीत भरत असे. कापडगिरण्यांचा संप फसला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांनी सुरू केलेला तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, त्यामुळे माझ्या वडिलांसारखे कित्येकजण संपावर आहेत की बेकार झाले आहेत, हे घरच्यांनाही सांगता येत नव्हते. वर्ग घेणारे कार्यकर्ते अभ्यासू होते, त्यागीही होते, परंतु प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार असे. एका रविवारी त्यांनी मार्क्सचा १८५३ सालचा भारतावरील लेख वाचायला घेतला. रेल्वेच्या पाठोपाठ येणारा आधुनिक उद्योग वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढील आणि तिच्यावर उभ्या असलेल्या जातीही नाहीशा होतील, असे भाकीत त्यात आहे. मागे भिंतीला टेकून बसलेले आमच्याच मजल्यावरचे एक निवृत्त कामगार, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, तोवर एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी विचारले, "मग मला सारी उमर रिंग खात्यात का काढावी लागली? साच्यावर का नाही घेतलं कुणी?"

रिंग खाते सूतकताईचे, साचेखाते मागावरच्या विणकामाचे. साचेखात्यात पगार जास्त मिळे. तेथे कांडीवरचे सूत संपले की नवी कांडी धोट्यात (आडवे सूत मागावर इकडून तिकडे नेणाऱ्या साधनात) बसवून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या माणसाला साच्याजवळ फिरकू दिले जात नसे. कार्यकर्ते म्हणाले की हा मालकांचा डाव, कामगारांत फूट पाडण्याचा. त्यावर आबा म्हणाले, "मालकाला त्याचं सोयरसुतक नव्हतं हो. अडवणारे साच्यावरचेच होते, आणि युनियनची वर्गणीही तेच भरत होते." चर्चा तेथेच गुंडाळण्यात आली. पुढच्या रविवारपासून आबा वर्गाला आले नाहीत आणि त्याचे कोणाला काही वाटल्याचे मला दिसले नाही.

हा प्रश्न काही आबांनी पहिल्यांदा काढलेला नव्हता. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या गिरणी संपात साचेखाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी डॉ. आंबेडकरांनी पुढे केली होती आणि संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच यादीत घेतली. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी १९३६ मध्ये लिहिले, तेव्हा त्यामागे हे साचेखाते उभे होते असे मी मानतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबर येथे उपयोगी पडतो. वर्ग, दर्जागट (सारखी सामाजिक प्रतिष्ठा असलेल्यांचा गट) आणि पक्ष हे सत्तावाटपाचे तीन वेगळे पदर आहेत, आणि दर्जागट आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी रोटीबेटीचे व धंद्याचे दरवाजे लावून घेतो, हे त्याने दाखवले. जातीचे उदाहरणही त्याने स्वतःच घेतले आहे. साच्यावरचा कामगार मालकापुढे शोषित होता आणि आबांपुढे दारवान होता. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या आहेत, हे ज्या सिद्धांताला सांगता येत नाही तो अपुरा आहे.

डाहरेनडॉर्फ आणि कोझर मला १९८२ च्या संपामुळे कळले. डाहरेनडॉर्फच्या १९५९ च्या ग्रंथाचा गाभा असा की संघर्षाचे मूळ मालकीपेक्षा अधिकारात असते, आणि परस्परविरोधी हितसंबंधांना संघटित होऊन बोलण्याची मान्यताप्राप्त वाट मिळाली तर संघर्ष कमी हिंसक होतो. मुंबईच्या गिरण्यांत १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा अधिकार एकाच प्रातिनिधिक युनियनला दिला होता. कामगार संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे गेले तरी कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिला. हा कायदा रद्द करा, ही मागणी म्हणूनच पगारवाढीइतकी जिव्हाळ्याची झाली. कोझरने आधीच्या पिढीतील जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेलचा धागा पकडून १९५६ मध्ये सांगितले की व्यवस्थेला धोका संघर्षाचा नसतो, संघर्ष तुंबवून ठेवणाऱ्या ताठरपणाचा असतो. गिरणगावात राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्सची सत्ताधारी अभिजनांची (सत्ता मूठभरांच्या हाती एकवटते ही) मांडणी अमेरिकेपुरती वाचावी. समाजशास्त्रज्ञ रँडल कॉलिन्स मात्र टाळू नये. पदव्या या कौशल्यापेक्षा नोकऱ्यांभोवती कुंपण घालण्यासाठी अधिक वापरल्या जातात, हे त्याचे म्हणणे नोकरीच्या जाहिराती वाचताना पटते.

माझा सल्ला असा की महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' (१८७३) प्रथम वाचावी, मग आंबेडकर, मग वेबर, आणि त्यानंतर पुन्हा मार्क्स. फुले 'समाजसुधारक' या प्रकरणात आणि मार्क्स 'सिद्धांत' या प्रकरणात, ही आपल्या अभ्यासक्रमातील वाटणी मला निव्वळ आळसाची वाटते. शरद पाटलांनी १९७८ मध्ये कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना एकत्र आणणारी मांडणी केली, तेव्हा आमचे कार्यकर्ते त्याला फाटाफूट म्हणत. ती फाटाफूट नव्हती. आबांच्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते, पटो अगर न पटो.

एवढे लिहिल्यावर हेही नोंदवायला हवे की अभ्यासवर्गाचे पाप मार्क्सच्या माथी मारता येणार नाही. नफा, श्रम आणि संप यांचे गणित त्याच्याविना सुटत नाही, आणि वेबरवर भाळलेल्यांना गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले ते बहुधा दिसतच नाही. शिवाय ज्या आंबेडकरांनी साचेखात्याचा प्रश्न काढला, त्यांचाच स्वतंत्र मजूर पक्ष ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला होता.