टीएमटी निगेटिव्ह आली, तरी खाली 'मॉडरेट रिस्क' कसं काय?

तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे, टीएमटी (पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, चालवत ईसीजी काढायची तपासणी) ४ मिनिटांतच दम लागला म्हणून थांबवली, छातीत दुखलं नाही, ईसीजीत बदल नाही, रिपोर्टवर निगेटिव्ह आणि खाली मात्र 'ड्यूक स्कोअर +४, मॉडरेट रिस्क', मग खरं काय धरायचं आणि ह्यावरून मरणाचा धोका खरंच कळतो का. मी डॉक्टर नाही, लातूरला टीएमटीच्या मशीनवर टेक्निशियन आहे, रोज हेच करायलोय म्हणून सांगतो.

दोन्ही खरंय. निगेटिव्ह म्हणजे चालताना हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण ईसीजीत दिसली नाही, एवढंच. ड्यूक स्कोअर म्हणजे ह्या तपासणीवरून धोका मोजायचा आकडा, त्याचा हिशोब असा की ब्रूस प्रोटोकॉलवर (दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवायची ठरलेली पद्धत) जितकी मिनिटं चालले ती घ्यायची, एसटी (ईसीजीच्या रेषेतला एक भाग) जितके मिलिमीटर सरकला त्याच्या पाचपट वजा करायची, आणि छातीत दुखलं तर ४ वजा, दुखण्यानंच थांबावं लागलं तर ८. वडलांचं वजा काहीच नाही पण मिनिटंच ४, म्हणून +४. +५ पासून वर लो, -११ पासून खाली हाय, मधले सगळे मॉडरेट. एक मिनिट जास्त चालले असते तर लो मध्ये बसले असते बघा! १९९१ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात चार वर्षांनी लो वाले ९९ टक्के, मॉडरेट ९५ आणि हाय वाले ७९ टक्के जिवंत होते. हे सगळं गटाचं गणित आहे, एकट्या माणसाचं भविष्य त्यात नसतं.

तरी पण ती ४ मिनिटं सोडून देऊ नका. आमच्याकडं सगळे एसटीचंच विचारतात, आणि माणूस किती चालला हे कुणी बघतच नाही, खरं तर धोक्याचं लई काही त्यातच असतं. अर्थात मिनिटं फसवतात बी. औसा-निलंग्याकडून धोतर नेसून आलेले आजोबा, शेतात दिवसभर राबणारे, पण पट्टा हलला की घाबरून दोन मिनिटांत "बास बास" करतात. आणि काहीजण दांडी अशी गच्च धरतात की अर्धं वजन हातावरच, मग मिनिटं उगंच फुगतात. वडील नेमके दमले का घाबरले, ते तुम्हीच विचारा.

दुसरं, ठोके किती झाले ते बघा. वयाप्रमाणे जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा ५८, १६२, त्याचे ८५ टक्के साधारण १३८. तिथवर गेलेच नसतील तर त्या निगेटिव्हवर फार विसंबता येत नाही. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर ठोके तसेही दबलेले राहतात, ते डॉक्टरांना सांगा. आणि थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरले? क्लीव्हलँड क्लिनिकच्या १९९९ च्या अभ्यासात १२ किंवा कमी उतरणाऱ्यांत पुढच्या सहा वर्षांत मरण जास्त दिसलं, हृदयाच्या स्कॅनमध्ये रक्तपुरवठा कमी दिसो वा न दिसो. हा आकडा रिपोर्टमध्ये छापलेला असतो पण कुणी सांगत नाही.

मॉडरेट म्हणलं की लगेच अँजिओग्राफीच करायची असं नसतं, बऱ्याचदा आधी स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेली सोनोग्राफी) करतात. ज्या पानावर दर टप्प्याचे ठोके आणि बीपी आहे ते पान घेऊन हार्टच्या डॉक्टरांकडं जा, आणि घरी जिना चढताना, सायकल मारताना दम लागतो का तेही सांगा.