चार दिवसांत सिंधुदुर्गातले किनारे निवांत कसे पाहावेत?

मालवण ते शिरोडा एवढाच पट्टा धरा, रत्नागिरी त्यात कोंबू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. रेल्वेने कुडाळला उतरून पहिले दोन मुक्काम देवबागला करा. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी! ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी गोळ्यांची नक्षी काढलेली असते. ती बघत तासभर सहज जातो. मात्र नदीच्या मुखाशी पोहू नका, ओढ फार असते. समोर दिसणारं भोगवे होडीने जवळ, रस्त्याने मोठा वळसा. मग निवती करून वेंगुर्ल्याला मुक्काम. शेवटच्या दिवशी शिरोड्याची सुरूची बनं. १९३०चा मिठाचा सत्याग्रह इथलाच, मिठागरंही जरूर बघा.