झाकली मूठ

ताई,
सिगारेट सोडून आज सतरा दिवस झाले. वय ४४. वीस वर्षं ओढतोय, दिवसाला बारा-पंधरा. याआधी चार वेळा सोडली. सगळ्यात जास्त टिकलो ते शेवटच्या वेळी, तीन महिने. या वेळी पूर्ण तयारीनिशी उतरलोय. फोनमध्ये दिवस मोजणारं ॲप आहे, काळ्या पडलेल्या फुप्फुसाचा फोटो वॉलपेपरला लावलाय, रोज सकाळी प्रेरणादायी व्हिडिओ बघतो. गोळ्या, पट्ट्या असलं काही घेतलेलं नाही, स्वतःच्या जोरावर चाललंय. पहिल्या आठवड्यात चिडचिड फार झाली, मुलीवर दोनदा विनाकारण ओरडलो. आता ते कमी आहे, पण झोप नीट लागत नाही. दिवस कसाबसा निभतो, मात्र रात्री दहाच्या सुमारास अशी तलफ येते की सगळी प्रेरणा कुठल्या कुठे जाते. बायकोला, मुलीला अजून सांगितलेलं नाही, म्हटलं झाकली मूठ. त्यामुळे जेवणानंतर नेहमीसारखा गच्चीवर जातो आणि दहा मिनिटं उभा राहून खाली येतो. अशा वेळी प्रेरणा टिकवायची कशी? आणि अगदीच अशक्य झालं तर रात्रीची एकच ठेवली तर चालेल का?
– एक वारंवार अपयशी

तुमचं पत्र वाचताना मी 'झाकली मूठ' या दोन शब्दांवर अडले आणि तिथून पुढे सरकायला मला बराच वेळ लागला.

अहो, म्हणजे रोज रात्री तुम्ही गच्चीवर जाता, कठड्याला टेकून सिगारेटला लागायचा तेवढा वेळ उभे राहता आणि ओढून आल्यासारखे खाली येता. का, तर घरातल्यांना वाटावं की तुमचं चालूच आहे. चोरून ओढणाऱ्यांची पत्रं मला ढिगाने येतात. घरात शिरण्याआधी हात तीन-तीनदा धुणारे, थंडीतही गाडीच्या काचा खाली ठेवणारे, बाथरूममध्ये अर्धा तास काढणारे. चोरून सोडणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटतोय! प्रेरणेचा प्रश्न तुम्ही ऐसपैस मांडलात आणि ही गोष्ट मात्र जाता जाता उरकलीत. मला तुमची सगळी अडचण त्या उरकलेल्या वाक्यातच दिसते.

का लपवलंत, ते मी ओळखू शकते. आधीच्या चार वेळा तुम्ही जाहीर करून सोडली असणार. पहिल्यांदा कौतुक झालं असेल, दुसऱ्यांदा नुसतं 'बरं झालं', तिसऱ्यांदा कुणीतरी हसलं असेल. चौथ्यांदा, तीन महिन्यांनी शर्टाला पुन्हा वास आला, तेव्हा कदाचित कुणी काही बोललंच नसेल, आणि ते न बोलणं सगळ्यात जास्त लागलं असेल. म्हणून पाचव्या खेपेला तुम्ही ठरवलंत, साक्षीदारच नको. सुटली तर एक दिवस थाटात सांगू, नाही सुटली तर कुणाला पत्ताही लागणार नाही.

मला त्याचं वाईट वाटतं, खरंच. पण ही सव्वा लाखाची मूठ उघडून बघितली तर आत एक पळवाट सापडते. समजा आज रात्री तुम्ही त्या कठड्याशी एक सिगारेट पेटवलीत. घरात काय बदलेल? काहीच नाही. कुणी विचारणार नाही, कुणाला धक्का बसणार नाही, कारण त्यांच्या लेखी तुम्ही ओढतच आहात. परतीचा रस्ता तुम्ही इतका गुळगुळीत करून ठेवलाय की त्यावरून घसरायला मोठी तलफ लागतच नाही, एक कंटाळवाणी संध्याकाळ पुरेल. आणि वर मला विचारता की प्रेरणा का टिकत नाही.

तुमच्या शरीराने त्याचं काम चोख केलंय. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे दोन-तीन दिवसांत ते जवळपास संपतं. चिडचिड, अस्वस्थपणा, कशात लक्ष न लागणं हे सगळं पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं ओसरत जातं. सतराव्या दिवशी तुम्ही बरीचशी चढण मागे टाकलीत. मग रात्री दहाला काय होतं? झुरका घेतला की निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. इतक्या झटपट हाती पडलेलं सुख मेंदू विसरत नाही, आणि ते कुठे, किती वाजता, कशाला टेकून उभं असताना मिळालं हेही तो नोंदवून ठेवतो. तुमच्या बाबतीत वीस वर्षं, म्हणजे सात हजारांवर रात्री झाल्या. तुमचा पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर पडतो तेव्हाच मेंदू हात पुढे करून बसलेला असतो.

मी स्वतः सिगारेट ओढायचे, हे माझ्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. सोडल्यानंतर दीड वर्षाने एका ओळखीच्या जिन्याच्या वळणावर माझा हात आपोआप पर्समध्ये गेला होता. आत चाव्यांशिवाय काही नव्हतं. मला हसू आलं, पण गुडघे जरा कापलेही.

तलफेची लाट काही मिनिटांत उतरते, हे तुमच्या ॲपनेही सांगितलं असेल. पण त्या मिनिटांत माणसाने जागा सोडावी, दुसऱ्या कशात तरी अडकावं. तुम्ही उलट करता. तलफ जिथे राहायला आहे तिथे रोज स्वतःच्या पायांनी जाता आणि तिच्यासमोर दहा मिनिटं हात बांधून उभे राहता. कशासाठी? नाटक उघडं पडू नये म्हणून. सतरा रात्री तुम्ही हे करून दाखवलंत याचं मला आश्चर्य वाटतं, पण अठरावी मागायला मी धजणार नाही.

आता मुलीचं. 'विनाकारण ओरडलो' असं तुम्ही लिहिता. विनाकारण कसं? कारण होतं, ते फक्त तुमच्या एकट्याच्या खिशात होतं. तिला काय दिसलं? बाबा आठवडाभर फणफणतायत आणि विचारलं तर 'काही नाही' म्हणतायत. मुलं अशा वेळी कारण स्वतःमध्ये शोधतात. तुमचं निकोटिन उतरत होतं आणि तिने ते स्वतःच्या नावावर मांडून घेतलं असेल. इथे मला तुमचा राग आला. तुमची अब्रू झाकायला तिचे दोन दिवस खर्ची पडले.

तुमचं 'स्वतःच्या जोरावर' हेसुद्धा त्याच मुठीतलं आहे. औषध घ्यायचं तर डॉक्टरकडे किंवा निदान औषधाच्या दुकानात जावं लागतं, म्हणजे एका तरी माणसासमोर तोंड उघडावं लागतं. तेही तुम्ही टाळलंत आणि त्याला स्वाभिमानाचं नाव दिलंत. निकोटिनची पट्टी आणि जोडीला निकोटिनचं च्युइंगम, ही जोडगोळी नुसत्या पट्टीपेक्षा जास्त लोकांना तारून नेते. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधं आहेत, ती डॉक्टर तुमची तपासणी करून ठरवतील. (च्युइंगम घ्यायचं ठरलं तर आधीच सांगून ठेवते. ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळत बसायचं नसतं. झणझणायला लागेपर्यंत हळूहळू चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं. भराभर चावणाऱ्यांना उचक्या लागतात आणि मग ते औषधाला नावं ठेवत फिरतात.) झोपेचंही त्याच भेटीत विचारा, पण त्याआधी एक करून बघा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन लवकर निकालात काढतं. धूर बंद झाला की तेवढंच कॅफीन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. त्यामुळे चहा-कॉफीचे कप पूर्वीइतकेच असले तरी आता ते तुम्हाला जास्त जागवतात. दुपारनंतरचे बंद करा.

रात्रीची एक? नाही. २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक जुन्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब छापून आला. वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. विसावा भाग असेल असं आपण धरून चालतो, तो निम्मा निघतो. पण तुम्हाला हा आकडा हवा होता असं मला वाटत नाही. तुम्हाला परवानगी हवी होती. ती माझ्याकडे मागितलीत, कारण घरात ती मागायची सोय तुम्ही ठेवलेली नाही.

प्रेरणेसाठी आकडेच हवे असतील तर तेही आहेत. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयी नोंदवायला घेतल्या. त्यातल्या पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. ओढतच राहिलेल्यांच्या तुलनेत चाळिशीला सोडणाऱ्यांना सुमारे नऊ वर्षं जास्त मिळाली, पन्नाशीला सोडणाऱ्यांना सुमारे सहा. तुम्ही चव्वेचाळीसचे, मधला हिशेब तुम्हाला जमेल. सकाळी नऊ वाजता हा आकडा कुणालाही पटतो. पण ते सगळे डॉक्टर होते, हे लक्षात घ्या. फुप्फुसं त्यांनी फोटोत नव्हे, हातात घेऊन पाहिली होती, आणि तरीही त्यांच्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं ओढत राहिले. तुमच्या वॉलपेपरकडून तुम्ही फार मोठी अपेक्षा ठेवलीत.

तेव्हा माझं एकच सांगणं आहे. आज रात्री गच्चीवर जाऊ नका.

जेवण झालं की जिथे बसला असाल तिथेच बसून राहा. दहा वाजतील. कुणीतरी विचारेल, 'आज वर नाही गेलात?' नाही विचारलं तर तुम्ही सुरुवात करा. 'मी सोडली' अशी घोषणा नको, ती चार वेळा झाली आहे. म्हणायचं ते एवढंच: 'सतरा दिवस झाले. तुम्हाला सांगितलं नव्हतं. रात्री दहाला मला फार जड जातं.' (हे उत्तर तुमच्या हाती पडेपर्यंत दिवस वाढलेले असतील, तो आकडा घाला. वाढले नसतील तर जो असेल तो घाला, शून्यसुद्धा.) तिसरं वाक्य गाळायचं नाही. पहिली दोन तुम्ही आरामात बोलाल, त्यांत थोडी फुशारकीची सोय आहे. तिसरं घशात अडकेल, कारण त्यात मदत मागावी लागते. नंतर मुलीला वेगळं गाठून सांगा की त्या दोन दिवशी तिची काहीही चूक नव्हती.

कुणी म्हणेल, 'बघू या, किती दिवस टिकतंय.' म्हणू दे. चार वेळा ऐकून घेतल्यावर त्यांचा तेवढा हक्क आहे. तुम्ही उत्तर देऊ नका, फक्त उठून वर जाऊ नका. पुढचे तीन महिने रात्रीची गच्ची तुम्हाला बंद. वाळत घातलेले कपडे भिजले तर भिजू देत.

पाय घसरलाच तर? चार वेळा घसरलात, म्हणून विचारते. व्यसनातून बाहेर पडणारे पुन्हा कसे अडकतात याचा अभ्यास अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी केला. एक चूक झाली की माणूस मनाशी म्हणतो, 'आता गेलंच सगळं', आणि पुढची पडझड त्या विचारामुळे होते, हे त्यांनी मांडलं. एकट्याने गुपचूप सोडणाऱ्याला तर हा विचार फारच सोयीचा पडतो, त्याला अडवायला समोर कुणी नसतं. म्हणून घसरलात तर त्याच रात्री, झोपायच्या आत, घरी सांगा. दुसऱ्या दिवसावर टाकलंत की पुन्हा मूठ झाकली जाईल.

मला एक शंकाही आहे. वीस वर्षं धुराचा वास घेऊन आलेला माणूस सतरा दिवस त्या वासाशिवाय शेजारी झोपतोय, हे तुमच्या पत्नीला कळलं नसेल? मला वाटतं, कळलंय. कदाचित त्याही गप्प आहेत, बोललं तर बिघडेल म्हणून. तुम्ही वर कठड्याशी, त्या खाली, आणि दोघंही एकमेकांपासून एकच बातमी लपवताय. तसं असेल तर आज रात्री तुम्हाला फारसं बोलावं लागणार नाही. पण आधी बोला तुम्हीच, आणि दहाच्या आत.