पेसमेकर क्लस्टर: रिसोर्स कोणत्या नोडवर जाणार हे ठरतं कसं?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच तक्रारीचे आहेत: नियम लिहिला, तरी क्लस्टर ऐकत नाही. पेसमेकर, म्हणजे अनेक सर्व्हर मिळून सेवा चालू ठेवणाऱ्या क्लस्टरचं सॉफ्टवेअर, प्रत्येक रिसोर्ससाठी (तो सांभाळतो ती सेवा, आयपी वगैरे) प्रत्येक नोडच्या (सर्व्हरच्या) स्कोअरची, म्हणजे नियम आणि सेटिंग यांनी दिलेल्या गुणांची, बेरीज करतो आणि जिथे ती सर्वात जास्त तिथे रिसोर्स चालवतो. बेरीज ऋण असेल त्या नोडवर तो रिसोर्स चालवतच नाही. त्यामुळे एकट्या नियमाकडे बघून काही कळत नाही, बेरीज बघावी लागते.

प्रश्न: दोन नोड आहेत. ग्रुपमध्ये फाइल सिस्टिम, आयपी पत्ता, डेटाबेस आणि बॅकअप एजंट असे चार रिसोर्स. स्टिकीनेस (आहे त्याच नोडवर राहण्याचे गुण) १०० ठेवली आणि नोड१ ला २०० ची पसंती दिली. तरी नोड१ परत आल्यावर ग्रुप नोड२ वरच राहतो. असं का?

स्टिकीनेस ग्रुपला एकदा लागत नाही, ग्रुपमधल्या चालू असलेल्या प्रत्येक रिसोर्सला लागते. चार गुणिले शंभर म्हणजे नोड२ च्या बाजूने ४०० आणि नोड१ च्या बाजूने तुमचे २००. ग्रुप हलणार कसा?

पसंती ४०० च्या वर नेली की ग्रुप परतेल. पण ४५० वर थांबू नका. उद्या कोणी ग्रुपमध्ये पाचवा रिसोर्स घातला की स्टिकीनेस ५०० होईल आणि वागणं गुपचूप बदलेल. ग्रुप परत यायलाच हवा असेल तर सरळ १००० द्या.

मात्र डेटाबेस आपोआप परत आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. परत येणं म्हणजे डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करणं, म्हणजे ग्राहकांना दुसऱ्यांदा खंड. शिवाय ज्या नोडवर तो परत येतो, तो नोड नुकताच का पडला हे बहुधा अजून शोधलेलंही नसतं. दोन्ही नोड सारख्या ताकदीचे असतील तर पसंतीचा नियम काढून टाका, स्टिकीनेस तेवढी ठेवा.

आकडे बदलण्याआधी ‘सीआरएम_सिम्युलेट’ चालवा, पर्याय लहान एस आणि मोठा एल. चालू क्लस्टरला हात न लावता तो प्रत्येक रिसोर्सचा प्रत्येक नोडवरचा स्कोअर छापतो.

प्रश्न: देखभालीसाठी पीसीएस या कमांड-साधनातली ‘पीसीएस रिसोर्स मूव्ह’ कमांड वापरून रिसोर्स नोड१ वरून नोड२ वर नेला. काम झालं, सगळं ठीक चाललं होतं. पुढे नोड२ बंद पडला, तेव्हा नोड१ धडधाकट असूनही रिसोर्स तिथे सुरू झाला नाही.

जुन्या पीसीएसमध्ये ‘मूव्ह’ म्हणजे एक लोकेशन कन्स्ट्रेंट, म्हणजे जागेचा नियमच असतो. नोडचं नाव दिलं नसेल तर तो जुन्या नोडवर उणे इन्फिनिटी स्कोअर लिहून ठेवतो आणि तो आपोआप जात नाही. पेसमेकरमध्ये इन्फिनिटी म्हणजे १०,००,०००, पण उणे इन्फिनिटीत अधिक इन्फिनिटी मिळवली तरी उत्तर उणे इन्फिनिटीच येतं. म्हणजे नोड१ वर कायमची बंदी होती, फक्त नोड२ पडेपर्यंत ती जाणवली नाही.

‘पीसीएस कन्स्ट्रेंट’ची यादी काढा. ‘सीएलआय-बॅन’ने सुरू होणारं नाव दिसलं की ‘पीसीएस रिसोर्स क्लिअर’ आणि पुढे रिसोर्सचं नाव देऊन ते काढा. पीसीएस ०.११ पासून ‘मूव्ह’ हा नियम स्वतः काढून टाकतो. तरीही देखभालीसाठी ‘पीसीएस नोड स्टँडबाय’ जास्त बरा: नोडवरचं सगळं एकदम हलतं, आणि तो स्टँडबायमध्ये असल्याचं स्टेटसमध्ये सरळ दिसतं. काम संपल्यावर ‘अनस्टँडबाय’ तेवढं विसरू नका.

प्रश्न: आयपी आणि डेटाबेस एकत्र हवेत. कोलोकेशनमध्ये (एकाच नोडवर ठेवण्याच्या नियमात) आधी कोणाचं नाव लिहायचं?

‘आयपी विथ डेटाबेस’ असं लिहा. ‘विथ’नंतर जो येतो त्याची जागा आधी ठरते, पहिला त्याच्या मागे जातो. स्कोअर इन्फिनिटी असेल आणि डेटाबेसला कुठेच जागा मिळाली नाही तर आयपीही बंद राहतो. आयपीला जागा नाही म्हणून डेटाबेस मात्र थांबत नाही. उलट लिहिलंत तर आयपीच्या बिघाडापायी डेटाबेस बंद पडेल.

कोलोकेशन फक्त जागा ठरवतं, आधी काय सुरू करायचं ते नाही. त्यासाठी ऑर्डरचा नियम वेगळा लिहावा लागतो.

डेटाबेस प्रमोट होणारा क्लोन असेल, म्हणजे एक मुख्य प्रत आणि बाकी प्रतिकृती, तर दोन्ही नियमांत भूमिका सांगायलाच हवी: कोलोकेशनमध्ये आयपी ‘प्रमोटेड’ क्लोनसोबत, आणि ऑर्डरमध्ये आधी क्लोन ‘प्रमोट’, मग आयपी ‘स्टार्ट’. भूमिका वगळली तर क्लोनची कुठलीही प्रत क्लस्टरला चालते आणि आयपी प्रतिकृतीवर जाऊन बसू शकतो. तेव्हा अ‍ॅप्लिकेशन जोडलं जातं, वाचन होतं, पण लिहिताना चूक येते. नेटवर्क तपासण्यात वेळ घालवण्याआधी हे बघा.

प्रश्न: तिसरा नोड फक्त कोरमसाठी (नोडच्या बहुमताच्या मोजणीसाठी) आहे. डेटाबेसला त्यावर उणे इन्फिनिटी दिली, तरी स्टेटसमध्ये त्या नोडवर ‘नॉट इन्स्टॉल्ड’ची चूक दिसते.

बंदी रिसोर्स चालवण्यावर आहे, तपासणीवर नाही. रिसोर्स आधीच कुठे चालू नाही ना, हे पेसमेकर प्रत्येक नोडवर पाहतो, आणि तिथे डेटाबेसचं सॉफ्टवेअरच नाही. ‘पीसीएस कन्स्ट्रेंट लोकेशन अ‍ॅड’ने तो नियम पुन्हा लिहा आणि त्यात ‘रिसोर्स-डिस्कव्हरी’ची किंमत ‘नेव्हर’ ठेवा, मग ‘क्लीनअप’ करून नोंदलेली चूक पुसा.

हा पर्याय जिथे सॉफ्टवेअर नाहीच अशाच नोडवर वापरा. सॉफ्टवेअर असलेल्या नोडवर तपासणी बंद केली आणि कोणी सिस्टिमडीतून (लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकातून) हाताने सेवा सुरू केली, तर क्लस्टरला पत्ता लागणार नाही. मग एकाच डेटावर दोन डेटाबेस चालण्याची वेळ येऊ शकते.

प्रश्न: नियम बरोबर आहेत, बेरीजही नोड१ च्या बाजूची असायला हवी, तरी रिसोर्स तिकडे जात नाही.

‘पीसीएस रिसोर्स फेलकाउंट’, म्हणजे अपयशांची मोजणी, बघा. नोड१ वर रिसोर्स सुरू होताना एकदा जरी अपयश आलं असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे तिथला फेलकाउंट थेट इन्फिनिटी होतो आणि तो नोड त्या रिसोर्ससाठी बाद होतो. लॉगमधून कारण शोधा, दुरुस्त करा, मग ‘पीसीएस रिसोर्स क्लीनअप’ चालवा. कारण न शोधता क्लीनअप केलंत तर क्लस्टर चांगला चाललेला रिसोर्स थांबवून त्याच नादुरुस्त नोडवर पुन्हा न्यायला बघेल.