पाचोळ्याची बेगमी

प्रश्न : साताऱ्यात आमचं बैठं घर आहे. अंगणात सासऱ्यांनी लावलेला आंबा, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा देशी बदाम. संक्रांत सरली की होळीपर्यंत रोज दोन-तीन घमेली पानं निघतात. सासरे संध्याकाळी ढीग करून पेटवतात. धुराने डास जातात, राख झाडांना होते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मुलाला दमा आहे. गेल्या वर्षी मी खड्डा खणून सगळी पानं त्यात टाकली, तर वर्षाने उकरल्यावर तशीच्या तशी निघाली! शेजाऱ्यांना बदाम छाटायला सांगावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : छाटायला मुळीच सांगू नका. उलट त्यांच्या अंगणातली पानंही मागून घ्या. आता तुम्ही मासिक मिटून ठेवाल, पण आधी तुमच्या खड्ड्याचं बघू.

पान टाकण्याआधी झाड त्यातलं कामाचं बरंचसं, विशेषतः नत्र (नायट्रोजन), परत ओढून घेतं. खाली पडतो तो मुख्यतः कर्ब (कार्बन). कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्बाच्या जोडीला थोडं नत्र लागतं, ओल लागते, हवा लागते. तुमच्या खड्ड्यात नत्र नव्हतंच. उन्हाळाभर ओल नसणार आणि पावसाळ्यात पाणी साचून हवा गेली असणार. त्यात आंब्याचं पान चिवट, मेणचट. त्याला स्वतःहून कुजायची काही घाई नसते.

यंदा खड्डा नको. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी दहा फूट आणा, टोकं तारेने बांधून तिचा गोल उभा करा. जागा सावलीची, घराच्या भिंतीपासून लांब. पानं पायांनी तुडवून चुरून भरा. वीतभर थर झाला की त्यावर शेणकाला शिंपडा. शेण मिळत नसेल तर उपटलेलं हिरवं गवत घाला. मूठ पिळल्यावर एखादा थेंब यावा, इतपत ओल राखा आणि तीनेक आठवड्यांनी वरचं खाली करा. फाल्गुनात भरलेली जाळी माझ्याकडे दिवाळीच्या सुमाराला काळी, मातीच्या वासाची होते. न कुजलेले देठ आणि शिरा चाळून पुढच्या जाळीच्या तळाला टाकायच्या. दाताळं वापरा, ढिगात हात घालू नका. विंचवाला अशी जागा फार आवडते.

पण सगळी पानं कुजवूही नका. पानं पडतात दीड-दोन महिने आणि लागतात बाराही महिने. उन्हाळ्यात आपण तिखट, चिंच, गहू भरून ठेवतो, तशीच पाचोळ्याची बेगमी करायची. स्वयंपाकघरातला ओला कचरा टोपलीत जिरवत असाल, तर दर वेळी त्यावर दुप्पट पाचोळा टाका, वास मारत नाही. जुलैत मात्र कोरडं पान शोधून सापडत नाही. माझ्या जिन्याखाली आठ बारदानं भरलेली असतात. दुपारच्या उन्हात पानं खडखडीत वाळली की मगच भरायची. पहिल्या वर्षी मी सकाळची, दवाने भिजलेली पानं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधली. आषाढात पिशवी उघडली आणि त्या बुरशीच्या वासाने घरच्यांनी मला पिशवीसकट बाहेर काढलं.

उरलेली पानं झाडांच्या आळ्यांत चार बोटं जाडीने पसरा. आंब्याचं ऊन आंब्याच्याच पानांनी अडतं, पाणीही कमी लागतं. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. मी एका पपईला गळ्यापर्यंत पाचोळ्यात गुंडाळलं होतं. पावसाळ्यात बुंधा कुजला आणि भरल्या फळांनी बाई आडवी झाली.

आता सासरे. त्यांच्याशी राखेवरून वाद घालू नका, कारण राखेत झाडांना लागणारं पालाश (पोटॅश) असतं हे खरंच आहे. माझी कोकणातली आजी पातेरा गोळा करून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, तेव्हा मी तरी कुठल्या तोंडाने सांगू! पण ते उघड्या रानात, वर्षातून एकदा. दोन कुंपणांच्या मध्ये, दमेकरी नातवाच्या खिडकीखाली, रोज संध्याकाळी, हे वेगळं. नत्र आणि कर्ब धुरातून जातात, घमेलंभर पानांची मूठभर राख उरते. एवढ्यानेही ऐकलं नाही तर राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६चा आदेश सांगा : उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. मी मात्र दंडापेक्षा पाण्याचा पाइप त्यांच्या हाती देईन. संध्याकाळी काहीतरी उद्योग हवा असतो माणसाला. जाळीची ओल राखायचं काम त्यांच्याकडे सोपवा. डासांसाठी कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा.

पानं फारच झाली तर वाटून टाका. पुण्यात 'ब्राऊन लीफ' या उपक्रमातून पानं नको असलेले आणि हवी असलेले एकमेकांना गाठतात, पोती घरोघर फिरतात. साताऱ्यातही तुमच्या गल्लीत गच्चीवर बाग करणारे दोघे-तिघे निघतीलच. बदामाची लाल पानं तर मासे पाळणारे टाकीत घालायला विकत घेतात, शेजाऱ्यांना हे आधी सांगू नका.

आणि रोज सगळं अंगण झाडायचा हट्ट सोडा. दारापुढची रांगोळीची जागा लख्ख ठेवा, आंब्याखाली खराटा आठवड्यातून एकदा फिरला तरी पुरे. फक्त मृगाआधी पन्हळीतली पानं काढायला विसरू नका. ती तिथेच अर्धी कुजून काळी झालेली असतात. थेट जाळीत टाका.